'कॅब फॉर हायर' आणि 'लॉबिंग' यांना मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका :
ब्रिटनचे माजी मंत्री स्टीफन बायर्स यांच्यावरील एका लेखाचे दिवाळी अंकासाठी भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी चार दिवस अडले आहे. बायर्स 1992 साली खासदार झाले. टोनी ब्लेअर यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी व्यापार-उद्योग आणि नंतर परिवहन खाते सांभाळले. रेलट्रॅक ही रेल्वेमार्गांची कंपनी प्रशासकाच्या हाती गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत, आणि मे 2002 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मार्च 2010 मध्ये, खासदारकीचे शेवटचे काही आठवडे उरले असताना, एका बनावट अमेरिकी लॉबिंग कंपनीच्या (म्हणजे शुल्क घेऊन इतरांसाठी सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकणाऱ्या कंपनीच्या) नावाने भेटलेल्या पत्रकाराला त्यांनी सांगितले की आपण काहीसे 'कॅब फॉर हायर'सारखे आहोत आणि आपला दर दिवसाला तीन ते पाच हजार पौंड आहे. हे सारे छुप्या कॅमेऱ्याने टिपले होते.

मी 'भाडोत्री टॅक्सी' असे लिहिले, तर संपादकांनी ते खोडून 'विकाऊ' केले. 'लॉबिस्ट'साठी मी 'दलाल' योजला होता, त्याचे 'मध्यस्थ' झाले. दोन्ही बदल मला पटलेले नाहीत. आपणांस काय वाटते?

निवृत्त गुरुजी :
ताई, आपल्या भाषेत यासाठी 'भाड्याचे तट्टू' हा अस्सल शब्दप्रयोग तयार असताना टॅक्सीच्या मागे धावण्याचे कारण नाही. त्यात वाहनही आहे आणि भाडेही आहे. 'लॉबिंग'साठी 'वशिलेबाजी' पुरेसा आहे. किंबहुना 'लॉबी' आणि आपला 'लोभ' यांचे मूळ एकच असावे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटते.

लंडननिवासी :
गुरुजी, लोभाचा संबंध मोहक असला तरी तो टिकणारा नाही. 'लॉबी' हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून आला आणि त्याचा अर्थ आच्छादित वाट किंवा ओवरी असा होता. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलच्या लॉबीत बसत, तेथे अर्जदार त्यांना गाठत आणि त्यावरून हा शब्द निघाला, अशी गोष्टही लोक सांगतात. परंतु ग्रँट 1869 साली अध्यक्ष झाले आणि शब्द या अर्थाने त्याआधीच रूढ होता. वेस्टमिन्स्टर येथील ब्रिटिश संसदेच्या सेंट्रल लॉबीत मी स्वतः उभा राहिलो आहे. कोणीही नागरिक तेथे येऊन आपल्या खासदाराला भेटण्याची मागणी करू शकतो. म्हणजे मुळात ही सामान्य माणसाची जागा होती, हे 'वशिलेबाजी' या शब्दातून पार निसटते.

गिरगावकर :
लॉबी मराठी माणसाला कबड्डीमुळेही ठाऊक आहे. मैदानाच्या दोन्ही कडांना मीटरभर रुंदीची पट्टी असते. एरवी तिच्यात पाऊल पडले तर खेळाडू बाद होतो, आणि झटापट सुरू झाली की तीच पट्टी मैदानाचा भाग बनते. मला हे चित्र राजकारणातील लॉबीच्या फार जवळचे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मुंबईच्या टॅक्सींना जुनी यांत्रिक मीटर होती, तेव्हा त्यांच्या पत्र्यावर इंग्रजीत 'फॉर हायर' हेच शब्द असत. पत्रा उभा असला की टॅक्सी रिकामी आहे असे समजायचे, आणि प्रवासी बसला की चालक तो खाली पाडत असे. बायर्स यांनी आपला पत्रा उभा असल्याचे सांगितले, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे. ते स्वतःला शिवी देत नव्हते, तर धंदा मागत होते. 'विकाऊ', 'भाडोत्री' आणि 'भाड्याचे तट्टू' हे तिन्ही दुसऱ्याने तुच्छतेने म्हणायचे शब्द आहेत. कोणीही ते स्वतःच्या जाहिरातीत वापरणार नाही. वाक्याचा खरा धक्का त्या माणसाच्या निःसंकोचपणात आहे आणि शिवी घातली की तो धक्का नाहीसा होतो. म्हणून साधे 'मी भाड्याच्या टॅक्सीसारखा आहे' एवढेच लिहावे.

वाशीकर :
मी 'दलाल' या शब्दाबद्दल बोलणार आहे, कारण आमच्या घरात तीन पिढ्या अडतीचा व्यवसाय आहे आणि हा शब्द शिवीसारखा वापरलेला पाहून मला मनापासून वाईट वाटते. बाजार समितीतील अडत्या शेतकऱ्याला जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी देतो, तिच्यावर हमाली, तोलाई, अडत (अडत्याचे कमिशन) असा प्रत्येक आकार वेगळा लिहिलेला असतो. अडत शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, यावरून 2016 साली राज्यात मोठा वाद झाला आणि तो होऊ शकला, कारण रक्कम सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. मंत्र्याच्या खोलीत जाऊन कोणी कोणासाठी शब्द टाकला, याची पट्टी कोण फाडतो? तेव्हा लॉबिस्टला दलाल म्हणणे हा दलालावर अन्याय आहे.

शब्दांकुर :
वाशीकर, आपण सहज लिहिलेला 'शब्द टाकणे' हाच मला या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो. 'साहेबांकडे माझ्यासाठी एक शब्द टाका' असे आपण म्हणतो. 'रदबदली' हा फारसी वळणाचा जुना शब्दही तेच सांगतो, म्हणजे दुसऱ्याकरिता वजनदार माणसापाशी केलेली विनवणी. 'शिष्टाई', 'भीड घालणे', 'वशिला लावणे' यांतले बारकावे निरनिराळे आहेत, परंतु या सर्वांमागे ओळख, नाते किंवा उपकार गृहीत धरलेला असतो. दरपत्रक लावून, उघडपणे आणि कायद्याच्या चौकटीत रदबदली करणाऱ्या व्यावसायिकासाठी मराठीत शब्दच नाही, कारण तो व्यवसाय आपल्याकडे त्या रूपात मान्य झालेला नाही. भारतात लॉबिंगची नोंदणी सक्तीची करणारा कायदाही नाही.

उलट आपण 'लॉबिंग' शब्द घेतला आणि त्याला निराळेच काम दिले. मराठी वृत्तपत्रांत 'मंत्रिपदासाठी लॉबिंग सुरू' असे छापले जाते, तेव्हा इच्छुक आमदार दिल्लीच्या फेऱ्या मारत आहेत असा त्याचा अर्थ असतो. त्यालाच आपण 'फिल्डिंग लावणे' म्हणतो. 'साखर लॉबी' म्हणजे तर माणसांचा गट. बायर्स यांच्या लेखात नुसता 'लॉबिंग' ठेवला, तर बायर्स मंत्रिपद मिळवण्यासाठी खटपट करत होते असा वाचकाचा समज होईल. प्रत्यक्षात ते जुन्या मंत्रिपदाची पुण्याई विकायला निघाले होते.

गिरगावकर :
हे दोन अर्थ एकत्र आलेले आपण त्याच वर्षी पाहिले. नोव्हेंबर 2010 मध्ये नीरा राडिया यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या. राडिया यांचा व्यवसाय कंपन्यांसाठी जनसंपर्क आणि लॉबिंग हा होता, आणि ती संभाषणे 2009 च्या मंत्रिमंडळात दूरसंचार खाते कोणाला मिळावे याबद्दलही होती. त्याच महिन्यात दूरसंचार मंत्री ए. राजा यांनी राजीनामा दिला. पुढे डिसेंबर 2017 मध्ये टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, हेही नोंदवले पाहिजे. तेव्हा शब्दांकुर म्हणतात तेवढी फारकत या दोन अर्थांत नाही.

लंडननिवासी :
बायर्स यांच्याबाबतही एक गोष्ट लेखात सुटू नये. नॅशनल एक्स्प्रेस या वाहतूक कंपनीसाठी आपण मंत्र्यांकडे रदबदली केल्याचे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले होते, आणि दुसऱ्याच दिवशी आपण अतिशयोक्ती केल्याचे कळवून ते विधान मागे घेतले. तत्कालीन परिवहन मंत्री अडोनिस यांनीही असे काही घडल्याचे नाकारले. डिसेंबर 2010 मध्ये संसदीय समितीने बायर्स यांना दोन वर्षे आणि त्याच छुप्या चित्रीकरणात सापडलेले दुसरे माजी मंत्री जेफ हून यांना पाच वर्षे संसदेचा पास नाकारण्याची शिफारस केली. माजी सदस्याला मिळणारा तो पास म्हणजे लॉबीचे दार उघडणारी किल्लीच असते. 2014 साली ब्रिटनमध्ये लॉबिस्टांच्या नोंदणीचा कायदा झाला, परंतु तो फक्त इतरांसाठी शुल्क घेऊन काम करणाऱ्या सल्लागार लॉबिस्टांना लागू आहे. कंपनीच्या स्वतःच्या पगारी नोकराला त्यात नाव नोंदवावे लागत नाही. 'भाड्याने' आणि 'पगारी' हा भेद तिथे कायद्यातच आहे, तेव्हा अनुवादातही भाडे राहिले पाहिजे.

निवृत्त गुरुजी :
'लोभ' मी मागे घेतो, मात्र तट्टू मागे घेणार नाही. माणूस स्वतःला काय म्हणवतो यापेक्षा भाषा त्याला काय म्हणते हे वाचकाला कळले पाहिजे, आणि मराठी भाषा अशा माणसाला तट्टूच म्हणते.

अनुवादिका :
गुरुजी, अवतरणचिन्हांत बोलणारे बायर्स आहेत, मराठी भाषा नव्हे. त्यांच्या तोंडी तुमचा निवाडा मी घालू शकत नाही. 'भाड्याची टॅक्सी' मी आज संपादकांना कळवते. 'लॉबिस्ट'साठी 'सशुल्क रदबदलीकार' सुचवू पाहिले, तर घरच्यांनीच तो शब्द दोनदा वाचायला लावला.

वाशीकर :
रदबदलीकार चालेल, ताई, पण 'सशुल्क' काढू नका. तेवढाच त्याच्या पट्टीवरचा आकडा आहे.

शब्दांकुर :
मग शुल्क न घेणाऱ्याला काय म्हणायचे?