गेमिंग लॅपटॉप ऐन खेळात फटकन बंद पडतो: निदानाचे अनुभव लिहा

खेळता खेळता लॅपटॉप बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला: चिपवरची उष्णतावाहक पेस्ट बदला. दुसरा: बॅटरी बदला. दोन्हींवर पैसे घालवूनही तो तसाच बंद पडतो, कारण दोष कुठे आहे हे कुणी तपासलेलंच नसतं. असे लॅपटॉप ज्यांनी उघडलेत, मोजलेत, दुरुस्त केलेत त्यांनी इथे लिहावं. आपबीती नको. लक्षण काय, मोजलं कशाने, आकडा किती आला, दोष कशात निघाला, एवढं पुरे.

सुरुवात मी करतो. ‘बंद पडला’ हे एक लक्षण नाही, चार आहेत. स्क्रीन, पंखे आणि कीबोर्डचे दिवे एकाच क्षणी गेले तर वीज तुटली. पंखे फिरतायत पण स्क्रीन काळा, तर ग्राफिक्स चिप किंवा तिचा ड्रायव्हर. निळा स्क्रीन आला तर ड्रायव्हर, रॅम किंवा अतिरेकी अंडरव्होल्टिंग (चिपला ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेज देणं). आणि विंडोज रीतसर निरोप घेऊन बंद झालं, तर बंद करायचा हुकूम कुणीतरी दिलेला आहे.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सगळ्यांना ‘कर्नल पॉवर ४१’ सापडतो आणि तोच आजार समजून लोक शोधत बसतात. ती नोंद पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते आणि एवढंच सांगते की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ बघा. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं थांबलं. शून्य नसेल तर तो निळ्या स्क्रीनचा कोड, दशमान पद्धतीत लिहिलेला. कर्नल पॉवर ८६ म्हणजे तापमानाची हद्द ओलांडल्यामुळे बंद केलं. १०७४ असेल तर कुठल्या प्रोग्रामने बंद केलं त्याचं नावच मिळतं.

* * *

अडॅप्टरबद्दल. आधी साधा हिशोब करा. ग्राफिक्स चिप १४० वॅट, प्रोसेसर ५५ वॅट, स्क्रीन-पंखे-एसएसडी मिळून ३० धरा. झाले २२५. अशा मशीनला २३० वॅटचा अडॅप्टर जेमतेम पुरतो. त्यावर १८० वॅटचा लावला तर मशीन सुरू होईल, चार्जिंगही दाखवेल, आणि खरा ताण आला की कोसळू शकेल. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही. यूएसबी-सी चार्जरचंही तेच: २० व्होल्ट, ५ अँपिअरचा चार्जर १०० वॅटच देतो. टायपिंगला ठीक, खेळायला नाही.

मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोजा. १९.५ व्होल्टच्या अडॅप्टरवर १९.५ च्या आसपासच आकडा यायला हवा. मध्ये बारीक पिन असलेल्या बऱ्याच जॅकमध्ये ती पिन अडॅप्टरची ओळख सांगणारी असते, वीज देणारी नाही. प्रोब घालताना ती आतल्या कड्याला टेकू देऊ नका. ओळखीची तार तुटली की लॅपटॉप अडॅप्टरला अनोळखी मानतो: चार्जिंग बंद, प्रोसेसरचा वेग पार खाली. बिनताणाचं रीडिंग बरोबर आलं म्हणजे अडॅप्टर निर्दोष, असं मात्र समजू नका. ताणाखाली व्होल्टेज बसतंय का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून बंद पडल्या पडल्या अडॅप्टरवरचा दिवा बघा. दिवा गेलाय आणि भिंतीतून काढून काही मिनिटांनी परत येतो, तर अडॅप्टरने स्वतःला वाचवलं. तो कमजोर तरी आहे, नाहीतर लॅपटॉप त्याच्याकडून जास्त ओढतोय. दिवा लागलेलाच असेल तर शोध लॅपटॉपच्या आत.

* * *

जॅक राहिला. अर्धा तास खेळून झाल्यावर पिन काढून हात लावा. कोमट असणं चालेल. चटका बसत असेल किंवा प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर आतला स्पर्श सैल झालाय. १० अँपिअर वाहताना ०.१ ओहमचा सैल जोड १० वॅट उष्णता तयार करतो. केबल हलवली की चार्जिंगचं चिन्ह लुकलुकणं हे याचंच. केबल बहुधा पिनजवळच्या वाकणाऱ्या भागात आतून तुटते, बाहेरून धडधाकट दिसते.

* * *

अडॅप्टर लावलेला आहे, बॅटरी १०० टक्के आहे, म्हणजे बॅटरीचा संबंध नाही, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ताणाच्या क्षणी अडॅप्टर आणि बॅटरी दोघं मिळून वीज देतात. त्यासाठी चार्जिंगच्या चिपमध्येच सोय असते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२४७८०एस चिपमध्ये ती ‘हायब्रिड पॉवर बूस्ट’ नावाने आहे. ग्राफिक्स चिपची ओढ काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या बरीच वर जाते, तो धक्का बॅटरी झेलते. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. धक्का बसला की व्होल्टेज खाली जातं, बॅटरीचं संरक्षक सर्किट वीज तोडून टाकतं, आणि टक्के दिसत असतात १००.

तपासणी: कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी कमांडला ‘बॅटरीरिपोर्ट’ पर्याय जोडा. मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता मिलिवॅट-तासांत मिळते. सध्याची निम्म्याच्या आसपास असेल तर संशयित नंबर एक. मग एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्राममध्ये लॉगिंग (आकड्यांची सतत नोंद) सुरू करून खेळा. अडॅप्टर लावलेला असताना बॅटरीचा दर ऋण दिसला तर ती वीज पुरवतेय. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळी वाचा, तिथे उत्तर असतं.

बॅटरीचा कनेक्टर काढून नुसत्या अडॅप्टरवर चालवणं हाही उपाय लोक सांगतात. सांगणाऱ्यांनी पुढचं सांगितलं पाहिजे: बॅटरी नसली की कित्येक मॉडेल वेग मुद्दाम उतरवतात. तेव्हा बंद पडला नाही म्हणून बॅटरीच दोषी हे सिद्ध होत नाही. वॅटचे आकडे आधीइतके येतायत का ते बघूनच निष्कर्ष काढा.

टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, तळाचं झाकण फाकलंय? बॅटरी फुगली. चार्जिंग तत्काळ थांबवा, दाबू नका, टोचू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

* * *

एक भलतंच कारण. काळा झाला, पण पॉवर बटण दाबल्यावर गेम तिथेच परत, तर तो बंद पडलाच नव्हता, झोपला होता. झाकणाच्या सेन्सरला चुंबक कळतं. मनगटावरचा चुंबकी पट्टा किंवा फोनचं चुंबकी कव्हर कीबोर्डच्या कडेला आलं की त्याला वाटतं झाकण मिटलं. कर्नल पॉवर ४२ ची नोंद असेल तर बोर्ड उघडण्याआधी घड्याळ काढून बघा!

* * *

उष्णतेवर. प्रोसेसर ९५ अंशांवर गेला म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही, तो वेग कमी करतो. गरम झाल्यामुळे फटकन बंद पडायला हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) चिपवरून उठलेला, पंखा थांबलेला, नाहीतर ज्याला सेन्सरच नाही असा भाग तापलेला लागतो. बोर्डवरचे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) बहुतेक वेळा या शेवटच्या गटात येतात. प्रोसेसर ८०, ग्राफिक्स ७५, आणि तरी २० मिनिटांनी ठरल्यासारखा बंद, तर मॉसफेटवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) बघा.

पॅड बदलणाऱ्यांची नेहमीची चूक जाडीची. ०.५ मिमीच्या जागी १.५ घातला की हीटसिंक ग्राफिक्स चिपपासून उचलला जातो आणि दुरुस्तीनंतर तापमान वाढतं. जुना पॅड न दाबलेल्या कडेला मोजा. स्क्रू हीटसिंकवर कोरलेल्या क्रमाने, आधी सगळे अर्धे, मग पूर्ण. धुळीची चादर पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्यांच्या मधोमध साचते, बाहेरून फुंकून जात नाही, पंखा काढावाच लागतो. फुंकताना पाती बोटाने धरा. आत चंदेरी लिक्विड मेटल (पेस्टऐवजी घातलेला द्रव धातू) दिसलं तर सवय नसलेल्यांनी तिथेच थांबावं. ते वीजवाहक आहे, एक थेंब बोर्डवर गेला की संपलं.

* * *

कुठला भाग ते वेगळं करायची माझी पद्धत: आधी फक्त प्रोसेसरवर ताण, १५ मिनिटं. मग फक्त ग्राफिक्सवर, तेवढाच वेळ. मग दोन्हींवर. एकेकटे पास आणि एकत्र नापास, तर वीजपुरवठा किंवा बॅटरी. एकट्या ग्राफिक्सवर दोन-तीन सेकंदांत गेला तर तिचा वीजविभाग, आणि तिथे पेस्टचं काही काम नाही. अंडरव्होल्ट, ओव्हरक्लॉक जे काही केलं असेल ते या आधी मूळ पदावर आणा.

पुढची पायरी, पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बऱ्याच मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. गेमला सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला. यावर तासन्‌तास चालला तर दोष शिखराच्या ओढीत आहे. खेळाच्या मेन्यूतच बंद पडणारे लॅपटॉप याच जातीचे: तिथे फ्रेमना मर्यादा नसते.

* * *

बोर्डाचं थोडक्यात. अडॅप्टर जोडताच त्याचाच दिवा विझतो, तर मुख्य रेलवर (बोर्डला वीज पुरवणाऱ्या मुख्य वाटेवर) शॉर्ट. बहुधा तडकलेला सिरॅमिक कपॅसिटर किंवा मॉसफेट. करंटची मर्यादा लावलेल्या बेंच सप्लायने (व्होल्टेज ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्याने) १ व्होल्टपासून वीज द्या. शॉर्ट झालेला भाग गरम होतो. थर्मल कॅमेरा नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरा, जिथे आधी सुकेल तिथे दोष. बंद न पडता वेग ४००–८०० मेगाहर्ट्‌झवर अडकत असेल तर चार्जिंग चिपजवळचा १० मिलिओहमचा करंट सेन्स रेझिस्टर (ज्यावरून करंट मोजला जातो) तपासा. साध्या मल्टिमीटरवर हा आकडा येत नाही, चार तारांची मोजणी लागते. आणि हे काहीही करण्याआधी अडॅप्टर आणि बॅटरी काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. वीज सांभाळणारा कंट्रोलर नुसता अडकलेला असेल तर एवढ्यावरही सुटतो.