रात्री ग्रुप गप्प हवेत, पण आईबाबांचा फोन वाजायलाच हवा

शंकासुर
रात्री १० ते सकाळी ६ फोनचा कसलाही आवाज नको आहे. नातेवाइकांचे, जुन्या मित्रांचे, ऑफिसचे असे डझनभर ग्रुप आहेत आणि कुणा ना कुणाला मध्यरात्रीच सुचतं. पण आईबाबा वेगळे राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. त्यांचा फोन आला तर तो वाजलाच पाहिजे. घरात एक अँड्रॉइड आणि एक आयफोन आहे.
'डू नॉट डिस्टर्ब' लावून ठरावीक नंबर खात्रीने वाजतात का? शेजाऱ्यांनी अनोळखी नंबरवरून फोन केला तर? आणि रात्री उत्तर दिलं नाही म्हणून फुगणाऱ्यांचं काय करायचं?

खटपट्या
वाजतात, पण अर्धवट सेटिंग केलं तर नाही वाजत. आधी अँड्रॉइड.

कॉन्टॅक्टमध्ये आई आणि बाबा दोघांच्या नावापुढचा तारा चालू करा. मग सेटिंग्जमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' शोधा (मेनू मराठीत असेल तर 'व्यत्यय आणू नका', नव्या फोनमध्ये ते 'मोड्स'च्या आत गेलंय). कॉलसाठी 'फक्त तारांकित' निवडा, मेसेजसाठी 'कोणीही नाही'. अलार्मला परवानगी आहे ना ते तिथेच बघून घ्या, नाहीतर सकाळी वेगळीच पंचाईत. शेवटी वेळापत्रक: १० ते ६, आणि सातही वार. बऱ्याच फोनमध्ये आधीपासून असलेलं वेळापत्रक सगळ्या वारांचं नसतं.

आयफोनवर 'फोकस'मध्ये 'स्लीप' किंवा 'डू नॉट डिस्टर्ब' घ्या आणि परवानगी असलेल्या लोकांत दोघांना टाका. त्याहून पक्का उपाय: कॉन्टॅक्ट उघडा, एडिट, रिंगटोन, आणि सगळ्यात वरचं 'इमर्जन्सी बायपास' चालू. मग फोकस असो की बाजूचं बटण सायलेंटवर असो, त्या माणसाचा कॉल वाजतोच. दोघांसाठी वेगवेगळं करावं लागतं.

अनोळखी नंबरसाठी दोन्हीकडे 'पुन्हा कॉल करणारे' अशी सोय आहे. एकाच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू देते. अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या आत, आयफोनवर ३ मिनिटांच्या आत. शेजाऱ्यांना एवढंच सांगून ठेवा: उचलला नाही तर लगेच, त्याच फोनवरून, पुन्हा लावा. पहिला एकाच्या फोनवरून आणि दुसरा दुसऱ्याच्या, असं केलं तर ते दोन पहिलेच कॉल ठरतात.

रातवा
खटपट्यांनी लिहिलंय ते बरोबर, पण गडबड होते ती इथे:

अँड्रॉइडवर तारा लावलेला नंबर 'डू नॉट डिस्टर्ब'मधून पार होतो, मात्र रिंगचा आवाजच शून्यावर किंवा फोन व्हायब्रेटवर असेल तर नुसता थरथरतो. सवयीने लोक झोपताना आवाजही बंद करतात आणि मोडही लावतात. आवाज पूर्ण मोठा ठेवायचा, गप्प करायचं काम मोडला करू द्यायचं. आयफोनवरही बायपास न लावता नुसती फोकसमध्ये परवानगी दिली असेल तर सायलेंट बटण आडवं येतं.

एकाच माणसाच्या दोन नोंदी. 'आई' आणि 'आई नवीन'. तारा जुन्या नोंदीला, फोन येतो नव्या नंबरवरून. सगळे नंबर एकाच नोंदीत घ्या.

ॲपवरचा कॉल हा साधा कॉल धरला जाईलच असं नाही. आईबाबांना निक्षून सांगा की रात्री साधा फोनच करायचा, व्हॉट्सॲपवरून नाही. त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर तुमच्या नंबरचा शॉर्टकट टाकून दिलात तर चूक व्हायला जागाच उरत नाही.

आयफोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करणारी सोय आणि अँड्रॉइडवरची स्पॅम अडवणारी ॲप्स ही फोकसपेक्षा वेगळी भानगड आहे. ती चालू असतील तर शेजाऱ्यांचा दुसरा कॉलही वाजेल याची खात्री धरू नका.

खरं तर शेजाऱ्यांच्या नंबरवर विसंबूच नये. आईबाबांच्या फोनमध्ये आपत्कालीन माहिती भरून तुमचा नंबर तिथे द्या (अँड्रॉइडमध्ये सुरक्षा आणि आपत्कालीन विभागात, आयफोनमध्ये हेल्थ ॲपच्या मेडिकल आयडीत; तिथे 'लॉक असताना दाखवा' चालू हवं). मग कुणीही लॉक न उघडता त्यांच्याच फोनवरून तुम्हाला लावू शकतो. नंबर ओळखीचा, म्हणजे पहिल्याच कॉलला वाजतो.

शंकासुर
दोन नोंदींचा घोळ आमच्याकडे आहेच, आत्ता बघितलं. फोन उशाशी ठेवायचा नाही असं ठरवलंय. बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला तर चालेल?

रातवा
चालेल, पण त्या खोलीत रेंज किती येते ते रात्री दारं लावून बघा. कमी असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. रिंगटोन सुरुवातीपासून मोठी असलेली घ्या, हळूहळू चढणारी नको. 'आवाज क्रमाने वाढवा' असा पर्याय असेल तर तोही बंद. फोन गादीवर किंवा कपड्यांवर नको, टणक टेबलावर ठेवा.

मग चाचणी. मोड लावा, दार लावून आडवे व्हा आणि चार कॉल करून घ्या: आईच्या फोनवरून एक, बाबांच्या फोनवरून एक, अनोळखी नंबरवरून एक, त्याच नंबरवरून मिनिटाभरात दुसरा. तिसरा गप्प राहिला आणि बाकीचे तीन वाजले तर जमलं. फोनचं मोठं अपडेट आलं की हे पुन्हा करायचं.

मधलीसुट्टी
फुगणाऱ्यांबद्दल. ग्रुपवर "मी रात्री १० नंतर उपलब्ध नसेन" अशी जाहीर सूचना टाकू नका. ज्यांना फरक पडत नाही तेही दुखावतात आणि वर चेष्टा होते. खरोखर रात्री लिहिणारे चार-पाच जणच असतात. त्यांना एकेकट्याला सांगा: "रात्री मेसेज बघत नाही, सकाळी बघतो. अडलंच तर फोन कर, उचलला नाही तर लगेच पुन्हा कर." पुढचं दार बंद, मागचं उघडं. यात राग धरायला फारसं काही उरत नाही. मात्र सकाळी खरंच उत्तर द्या, नाहीतर आठवड्याभरात या वाक्याला किंमत राहत नाही.

निळ्या टिका बंद करून सुटका होत नाही. दुसऱ्याच्याही तुम्हाला दिसेनाशा होतात, आणि ग्रुपमध्ये तर बंद करताच येत नाहीत. ग्रुप 'नेहमीसाठी' म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकणं बरं. तरी म्यूट ग्रुपमध्ये कुणी तुमचं नाव घेऊन मेसेज टाकला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर सूचना येऊ शकते, त्यामुळे रात्रीचा मोड हवाच.

खटपट्या
मधलीसुट्टी +१. ऑफिसच्या ग्रुपला मात्र हे वाक्य पुरत नाही. तिथे रात्रीची जबाबदारी कुणाची हे आधी ठरवून घ्या, आणि ज्या रात्री तुमची असेल त्या रात्रीपुरता ऑफिसमधून तुम्हाला फोन करणाऱ्या एका माणसाच्या नावावर तारा लावा.

निवांत
फोन गप्प झाला म्हणजे झोप लागेलच असं नाही, एवढंच जोडतो. सवयीने जाग येत राहिली तर वेळ बघायला फोनकडे जाऊ नका. अलार्मसाठी साधं घड्याळ घ्या आणि त्याचं तोंड भिंतीकडे करा. २० मिनिटं उलटली असं वाटेपर्यंत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. स्क्रीन पिवळसर करणाऱ्या मोडवर फार भिस्त ठेवू नये. जागं ठेवतो तो वाचलेला मजकूर, आणि तो पिवळ्या उजेडातही तसाच चिडवतो.

शंकासुर
चारही कॉल करून बघितले. अँड्रॉइड बरोबर. आयफोनवर तिसराही वाजला, जो वाजायला नको होता. मोड तर संध्याकाळीच लावला होता.

खटपट्या
घरात त्याच खात्यावरचा टॅबलेट आहे का? 'सगळ्या उपकरणांवर शेअर करा' चालू असेल तर तिकडे कुणी फोकस बंद केला की फोनवरचाही बंद होतो. उलटही होतं: भर दुपारी टॅबलेटवर कुणी लावला तर तुमचा फोन गप्प. फोकसच्या सेटिंगमध्ये अगदी खाली ते बटण आहे, बंद करा आणि तिसरा-चौथा कॉल पुन्हा करून बघा.