वेडेवाकडे दात, अर्धवट चावलेला घास आणि पोटाच्या तक्रारी

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
माझ्या १३ वर्षांच्या मुलाचे वरचे आणि खालचे पुढचे दात तोंड मिटल्यावरही एकमेकांना टेकत नाहीत. भाकरीचा तुकडा त्याला दातांनी तोडता येत नाही, मटणाचा घास तो पांढऱ्या रश्श्याच्या घोटाबरोबर जवळजवळ तसाच गिळतो आणि मग पोट गच्च झाल्याची तक्रार करतो. डॉक्टरांनी तारा बसवायला सांगितल्या आहेत. सासूबाईंना मधुमेह असल्याने मी अधिकच काळजीत पडले आहे. तारांमुळे पचन सुधारेल का, आणि पुढे साखरेचा धोका कमी होईल का?

उत्तर १:
ताई, पुढचे दात घास तोडतात, पण तो बारीक करण्याचे काम दाढांचे असते. म्हणून दाढा नीट जुळतात का, हे आधी तपासून घ्यावे. दात जुळत नसतील तर चावण्याची क्षमता घटते, याबद्दल शंका नाही. मात्र जठरही घन अन्न साधारण २ मिलिमीटरपेक्षा बारीक होईपर्यंत घुसळत राहते आणि तोंडातली उणीव बरीचशी भरून काढते. त्यामुळे दात वाकडे म्हणून पचनाचा आजार होतोच, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. घाईने गिळलेल्या घासाबरोबर हवाही पोटात जाते. शिवाय बद्धकोष्ठता, जंत किंवा दूध न पचणे यांमुळेही पोट फुगते, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

उत्तर २:
साखरेचा प्रश्न मी वेगळा ठेवेन, कारण तिथे खरा दुवा दातांच्या रांगेशी नसून हिरड्यांशी आहे. हिरड्यांचा जुनाट दाह आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर टक्क्यांत दाखवणारी चाचणी) सरासरी सुमारे ०.४ अंकाने उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. दाटीवाटीच्या दातांत ब्रश नीट पोहोचत नाही, एवढाच वाकड्या दातांचा यातला वाटा. तेव्हा मधुमेह टळावा म्हणून तारा बसवू नयेत. सासूबाईंच्या हिरड्या मात्र लवकर तपासून घ्याव्यात.

उत्तर ३:
पुढचे दात न टेकण्यामागे अंगठा चोखणे किंवा गिळताना जीभ पुढे ढकलणे अशी सवय असू शकते. ती सुटली नाही, तर तारा काढल्यावर फट पुन्हा पडते, म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम विचारावे. तारा असेपर्यंत ऊस सोलून खाणे आणि चिक्की बंद. भाकरी कुस्करून, मटण बारीक तुकडे करून द्यावे, आणि रश्श्याचा घोट घास चावून झाल्यावरच घेऊ द्यावा. ही शेवटची सवय तर आजपासूनच लावता येईल.