छिन घराणं बुडालं, पण जिंकलं कोण?

निवांत:
परवा एका ग्रुपवर परत तेच वाचलं, चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग म्हणजे पुस्तकं जाळणारा राक्षस आणि मग हान घराण्याने येऊन चीनला शहाणं केलं. मला नाही पटत. इ.स.पू. २२१ ला उरलेली राज्यं घशात घातल्यावर त्याने पोरांना जहागिऱ्या वाटल्या नाहीत, मुलखाचे ३६ प्रांत केले, खाली तालुके, आणि त्यावर धान्यात पगार घेणारे सरकारी अधिकारी. लिपी एक, वजनंमापं एक, गाड्यांच्या आसाची लांबीसुद्धा एक. हानने हेच उचललं आणि वर नावं मात्र छिनलाच ठेवली.

अर्धवटराव:
एवढं भारी होतं तर पंधरा वर्षांत कसं झोपलं हो? इ.स.पू. २०९ चं चेन शेंग आणि वू ग्वांगचं बंड घ्या, ९०० माणसं सीमेवर पहाऱ्याला निघालेली, पावसाने वाट बंद, उशीर झाला म्हणजे मुंडकं जाणार, मग मरायचंच आहे तर बंड करून मरू. भीतीवर राज्य चालवलं की असंच होतं.

निवांत:
ही गोष्ट लिहिली इतिहासकार सिमा छ्येनने, तो हान दरबारातला आणि तेही शंभरएक वर्षांनी. १९७५ ला हूपे प्रांतात शुईहूदीला छिनच्या एका कारकुनाची कबर सापडली, सांगाड्याभोवती हजारावर बांबूच्या पट्ट्या, बऱ्याचशा कायद्यांच्या. त्यात वेठीला ३ ते ५ दिवस उशीर झाला तर नुसती खरडपट्टी, ६ ते १० दिवस झाला तर एका ढालीचा दंड, त्याच्या वर एक चिलखत. आणि पावसापाण्याने अडलं तर ती वेठच रद्द! मुंडकं कुठंय यात?

तिखटमीठ:
थांबा राव, तो नियम वेठीचा. सीमेवरच्या पहाऱ्याला तोच लागू होता कशावरून? आणि ढालीचा दंड म्हणजे काय चहापाण्याचा खर्च वाटला का, त्याच पट्ट्यांत पुढे आहे की भरता येत नसेल तर सरकारी कामावर राबून फेडा, दिवसाला ८ नाणी, सरकारचं जेवलात तर ६. हिशोब चोख होता एवढं मान्य, पण चोख म्हणजे दयाळू नव्हे.
आणि हानने सगळं उचललं हे पण अर्धंच. हानचा पहिला सम्राट लिउ बांगने निम्म्याहून जास्त मुलूख राजांना वाटला होता, नंतर त्यावर आपल्याच नातलगांना बसवलं.

निवांत:
आणि त्याच नातलगांपैकी सात जण इ.स.पू. १५४ ला उलटले ना! मग हळूहळू त्यांचे पंख छाटून परत प्रांत-तालुक्यावरच आले की नाही? छिनची राजधानी शियानयांग पडली तेव्हा लिउ बांगचे सगळे सरदार सोन्यानाण्याकडे धावले, त्याचा माणूस शियाओ ह मात्र दप्तरात शिरला आणि नकाशे, कायदे, नोंदवह्या उचलून आणल्या. हा माणूस आधी छिनचाच कारकून. इ.स. २ मध्ये हानने पावणेसहा कोटींच्या वर डोकी मोजली ती असल्याच वह्यांच्या जोरावर.

अर्धवटराव:
लिउ बांग पण छिनचाच छोटा अंमलदार होता, ते सोयीस्कर विसरलात. सम्राटाच्या थडग्याच्या कामाला कैदी घेऊन निघाला, ते वाटेत पळायला लागले, तर उरलेले यानेच सोडून दिले आणि स्वतः पण पळाला. हानने निदान सैल तरी केलं, नाक कापणं, पाय तोडणं वन नावाच्या हान सम्राटाने इ.स.पू. १६७ ला बंद केलं.

निवांत:
आणि नाकाच्या बदल्यात ३०० फटके, डाव्या पायाच्या बदल्यात ५०० ठेवले, त्यात माणसं मरायला लागली म्हणून पुढच्या सम्राटाला ते कमी करावे लागले. तेही लिहा की.