सरकारी नजरेचे अनुभव: तुमच्याकडे कोणी विचारपूस करायला आलं होतं का?

सातपुडा_पायथा:
लेकीची तलाठी म्हणून निवड झाली. पोलीस पडताळणीचा फॉर्म, साक्षांकन नमुना, भरून दिला होता, परवा दुपारी हवालदार गल्लीत आले. आधी आमच्याकडे नाही, समोरच्या मावशींकडे. मुलगी कशी आहे, मोर्चाबिर्चात असते का, घरी कोण येतं-जातं. माणूस सभ्य होता, पाणी प्यायला, "ताई, आमचं कामच आहे" म्हणाला. तरी ते गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. नाना आठवले.

१९७६ साल. नाना चोपडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक. 'केस' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नसबंदीला एक माणूस आणला की एक केस. केस नाही तर पगार नाही. शाळा सुटली की सायकल काढून पाड्यापाड्यांवर फिरायचे. पुढे पुढे त्यांची सायकल दिसली की बाप्ये ज्वारीत शिरायचे. ज्यांनी मास्तरांच्या शब्दावर पोरं शाळेत घातली, तेच मास्तरांना पाहून पळायला लागले. हे नानांना फार लागलं. वहीत निळ्या शाईने एक ते पाच आकडे घातलेले होते. चार नावं भरली. पाचव्यापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आजी सहा महिने नानांशी बोलली नाही.

तुमच्याकडचंही लिहा. पोलीस, मास्तर, ग्रामसेवक, कोणीही आलं असेल ते.

धुळेकर_भो:
ताई, वाचून गलबललं. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. मार्च ७७ मध्ये आणीबाणी उठली. आमचे काका मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली, नाशिकच्या तुरुंगात होते. त्यांची पत्रं यायची, ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या. एक काकूने अजून ठेवलंय. त्यात "बैल" आणि "पाऊस झाला का" एवढंच वाचता येतं.

केळीबाग:
माझं माहेर शहाद्याकडचं. देशातलं पहिलं आधार आमच्याकडे टेंभलीला दिलं, २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान आले होते, केवढा अभिमान वाटला होता.
आता सासर रावेरला. सासूबाई आयुष्यभर केळीच्या बागेत राबल्या. चिकाने बोटं काळी, रेषा घासून गेलेल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. पदराला पुसतात, फुंकर मारतात, पुन्हा ठेवतात. मागची रांग चुळबुळते. त्या दिवशी मला म्हणाल्या, "माय, मी ती मीच शे, हे आते कोणले सांगू?" कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा, खरंच.

भरीतप्रेमी:
रावेर कुठलं ताई? आमची आत्या सावद्याला.

केळीबाग:
सावद्याजवळच. वांगी आली की कळवते 🙂

नाव_नको:
तुमच्याकडे एकदा आले. आमच्याकडे येतच असतात. मी पारधी. १८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, तो १९५२ मध्ये रद्द झाला. आजोबांना पाटलाच्या वाड्यावर हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायचं तर चिठ्ठी घ्यावी लागायची. ती चिठ्ठी हरवली म्हणून ते सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जाऊ शकले नाहीत. माझ्याकडे पदवी आहे, नोकरी आहे. तरी आसपास चोरी झाली की गाडी आधी आमच्या वस्तीवर येते. जास्त लिहवत नाही.

सातपुडा_पायथा:
दादा, लिहिलंत हेच खूप आहे. तुमचं वाचल्यावर माझ्या ओट्यावरच्या त्या दुपारीबद्दल काही बोलावंसं वाटत नाही.

नंदुरबारी:
आमचं जरा वेगळं. नंदुरबारला शिरीषकुमार गोळीबारात गेला ना, ९ सप्टेंबर १९४२, त्यानंतर आजोबा भूमिगत झाले. घरावर पाळत, आजीला चावडीवर बोलवून विचारायचे नवरा कुठे. ती म्हणायची, "माले काय ठाऊक." पुढे स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी भूमिगत होतात याचा पुरावा मागितला. आजोबांकडे कागद कुठला असणार! शेवटी जुन्या पोलीस दप्तरात फरार म्हणून त्यांचं नाव सापडलं. ज्यांनी पाळत ठेवली त्यांचाच कागद उपयोगी पडला. आजोबांनी तो फ्रेम करून देवघराशेजारी लावला. घाईत लिहितोय, कुकरची शिट्टी झाली.

झेडपी_मास्तर:
मी दुसऱ्या बाजूचा. उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना अडवायच्या गुड मॉर्निंग पथकात नाव आलं होतं. पहाटे पाचला टॉर्च घेऊन नाल्याकडे उभं राहायचं. एकदा उजेड पडला तो माझ्याच वर्गातल्या मुलीच्या आईवर. ती डोक्यावरून पदर घेऊन तशीच बसून राहिली. मी टॉर्च बंद करून मागे फिरलो. संडास त्यांच्याकडे बांधलेला होता, पाणी आठ दिवसांनी यायचं. मुलगी पुढचा आठवडा शाळेत आली नाही. सातपुडाताई, तुमच्या नानांची सायकल मला समजली.
मतदार यादीचं कामही करतो. त्यात मात्र चहा मिळतो आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलणं होतं, ते मनापासून आवडतं.

तापीकाठ:
चहावरून आठवलं, माझे वडील दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. आई विचारायची कोणाच्या लग्नाला चाललात. ते म्हणायचे, "जिवंत आहे हे नीट दिसायला नको?" गेल्या वर्षी तो शर्ट मी ठेवून घेतला.

भरीतप्रेमी:
🙏 कापसाला काय भाव चाललाय तिकडे?

धुळेकर_भो:
विचारू नको भो.

झेडपी_मास्तर:
केळीबाग ताई, आमच्या गावात दुकानदाराकडे डोळ्यांचं मशीन आलंय, तुमच्याकडे विचारून पाहा. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवरही होतं. आणि सकाळी लवकर न्या, रांग नसते, घाई नको. सासूबाईंना नमस्कार सांगा.

केळीबाग:
उद्याच नेते. आत्ता सांगितलं त्यांना, हात धुवायला गेल्यात.