मदत हवी आहे: बाबांचा फोन भरलाय आणि एकही फोटो डिलीट करू देत नाहीयेत

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. प्रश्न निम्मा टेक्निकल आणि निम्मा घरगुती आहे म्हणून जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

बाबांचा फोन 64 जीबीचा. रिटायर्ड माणूस, गेम नाही, सिनेमे नाहीत, बँकेचं अ‍ॅप घालून दिलंय ते उघडायला घाबरतात. तरी दर थोड्या दिवसांनी "स्टोरेज फुल" येतं आणि मग "अरे बघ रे, याला परत काय झालं" म्हणत फोन माझ्या ताटाशेजारी येऊन पडतो. आत सगळं व्हॉट्सअ‍ॅप. पहाटेपासून जे सुरू होतं, चहाच्या कपातून उगवणारा सूर्य, दव पडलेला गुलाब, सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, आणि वार कुठलाही असो, उज्जैनहून महाकालचा आजचा शृंगार आणि खजराण्याच्या गणपतीचं आजचं दर्शन, हे दोन इंदुरात चुकत नाहीत. बरं एकदाच येतील तर शपथ. वॉकिंगवाल्यांचा ग्रूप, जुन्या ऑफिसचा, रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांचा, आत्याने काढलेला खानदानाचा, सगळीकडून तोच फोटो येतो आणि फोनमध्ये दर वेळी नव्या नावाने सेव्ह होतो. रविवारी वर पोहे-जलेबीच्या प्लेटा. मला सगळ्या सारख्याच दिसतात, शेव-जिरावणसकट, पण एक उडवायला गेलो तर "थांब, ते आत्याकडचे पोहे आहेत."

मुख्य अडचण हीच. देवाचा फोटो डिलीट केला तर पाप, गुलाब डिलीट केला तर "कोणीतरी आठवणीने पाठवलंय रे". मध्ये एका काकांचा डेटा पॅक संपला, दोन दिवस सुप्रभात आलं नाही, तर वॉकिंग ग्रूपमधले तिघं स्कूटरवर त्यांच्या घरी जाऊन थडकले, काका आपले मजेत दाढी करून राहिले होते. त्यामुळे ग्रूप सोड हे तर बोलूच शकत नाही.

आता मेलही यायचं बंद झालंय, पेन्शनची एक मेल अडकली. बाबांना न कळता फोन हलका कसा करायचा?

जिरावण_जास्त: भिया, मेलचं आधी सांगतो. गूगलचे फुकट 15 जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असतात. फोटोजमधलं अनलिमिटेड जून 2021 ला बंद झालं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आधी यात धरत नव्हते, 2024 पासून तोही धरायला लागले. म्हणजे बाबांचे सगळे सूर्य त्या 15 जीबीत जाऊन बसलेत आणि पेन्शनची मेल बाहेर उभी आहे. बॅकअपमध्ये "व्हिडिओसह" हे आधी बंद कर, बराच फरक पडेल.

पुण्याचा_पाहुणा: मीडिया व्हिजिबिलिटी ऑफ करा, गॅलरी स्वच्छ होईल.

जिरावण_जास्त: स्वच्छ फक्त दिसेल. फोटो गॅलरीत दिसत नाहीत एवढंच, जागा तेवढीच अडते. सेटिंग्जमध्ये ऑटो डाउनलोड असतं तिथे वायफायखाली सगळं टिक केलेलं असतं ते काढायला हवं, म्हणजे हात लावल्याशिवाय फोटो उतरणार नाही.

धागाकर्ता: हात लावल्याशिवाय?? बाबा एकेकाला हात लावून, उघडून, मोठा करून बघून, खाली नमस्काराचे हात टाकतात. रोज. सकाळचा निम्मा वेळ त्यातच.

बडोद्याची_सून: आमच्या मांडवीच्या घरी सासऱ्यांचं डिट्टो हेच, फक्त पोह्यांच्या जागी फाफडा. 2018 साली गूगलवाल्यांनी सुद्धा शोध लावला होता की भारतातले फोन का भरतात तर सुप्रभातमुळे, पेपरात आलं होतं, त्यांनी असे फोटो हुडकायची सोयच त्यांच्या फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये केली. म्हणजे आपल्या काका-मावशांनी कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांना कामाला लावलं. मला तर अभिमान वाटला.
कामाचं सांगते. डिसअपिअरिंग मेसेजेस, म्हणजे ठरलेल्या वेळाने आपोआप गायब होणारे मेसेज, चालू करण्याच्या फंदात पडू नका. ज्याच्या फोनवरून चालू कराल त्याच्या नावाने ग्रूपमध्ये सूचना पडते. आमच्याकडे चुलत सासरे दोन दिवस बोलत नव्हते.

रामबागकर: न कळता वगैरे नको, वडील आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेजमध्ये "अनेकदा फॉरवर्ड केलेले" असा वेगळा ढीग असतो, शेजारी 5 एमबीच्या वरचे व्हिडिओ. तो ढीग बाबांच्या समोर बसून दाखव. त्यात आत्याचे पोहे नसणार, आत्याने ते स्वतः काढलेत. हे घरचे कोणाचेच नाहीत एवढं पटलं की माणूस सोडतो. आणि जे ठेवायचंय त्याला तारा द्यायला सांग. चॅट क्लिअर करताना तारांकित ठेवायचे का ते विचारतात.

धागाकर्ता: रामबागकर, फॉरवर्डचा ढीग गेला, मनापासून आभार! "हा आपल्यातला नाही" म्हणत बाबांनी स्वतःच्या हाताने व्हिडिओ उडवले, एक तर आधी पूर्ण बघून मग. मेल सुरू झाली. पण ताऱ्याचं उलटं पडलं. त्यांना तारा भयंकर आवडला आणि त्यांनी सगळ्याच देवांना दिला, वर म्हणतात कोणाला देऊ आणि कोणाला नको.

ग्वाल्हेरी_गजक: देवांसाठी ओटीजीवाला, म्हणजे थेट फोनला लागणारा, पेनड्राइव्ह घ्या. आमच्या दादांना सांगितलं की डिलीट नाही करत आहोत, देवांना मोठ्या घरात नेतोय. लगेच ऐकले.

धागाकर्ता: केलं! 128 जीबीचा आणला, मारुती ते महाकाल सगळे शिफ्ट, फोनमध्ये निम्मी जागा मोकळी. बाबांनी मुहूर्त सुद्धा गुरुवारचा धरला. आता नवीनच झालंय, पेनड्राइव्ह देवघरात ठेवलाय आणि आईने आज पूजा करताना त्याला हळदकुंकू लावलं, थोडं त्या पिनेच्या तोंडात गेलंय. कोरड्या ब्रशने निघेल का? फोनला लावायची हिंमत होत नाहीये, आणि पुसलं तर आई काय म्हणेल ते वेगळंच.