मदत हवी आहे: एफटी८ ला फिल्टर किती रुंद ठेवायचा? (सोलापूर, ४० मीटर बँड)

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी) व्हीयू३ परवाना हातात येऊन सहा महिने झाले. घर अक्कलकोट रोडला, गच्चीवर ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही अँटेना. सेट दुसऱ्या हाताचा, जुना ॲनालॉग. २.४ किलोहर्ट्‌झचा एसएसबी (बोलण्याचा) फिल्टर आहे, वर आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला ५०० हर्ट्‌झचा. आयएफ शिफ्ट (फिल्टरचा पासबँड, म्हणजे त्यातून जाणारा पट्टा, वर-खाली सरकवायचं बटण) आहे. एजीसी (सेटचा गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) फास्ट नाहीतर स्लो, पूर्ण बंद होत नाही. लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८ या डिजिटल मोडचे संदेश वाचणारं सॉफ्टवेअर), मध्ये एक स्वस्तातलं यूएसबी साउंडकार्ड.

दिवसभर आजूबाजूचे यंत्रमाग चालू, एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) ७ च्या खाली येत नाही. ते नशीब समजून मी सोडून दिलंय. अडचण रात्रीची आहे. माग थांबले की ७.०७४ मेगाहर्ट्‌झवर छान डिकोड (वाचलेले संदेश) येतात, पण नऊनंतर कुणीतरी जवळचा, दणदणीत सिग्नलवाला वॉटरफॉलवर (सिग्नलच्या पट्ट्या दाखवणारा आलेख) २५५० हर्ट्‌झच्या आसपास उगवतो आणि माझं दुकान बंद.

एका जुन्या हॅमनी सांगितलं होतं, "डिजिटल म्हणजे अरुंद फिल्टर, डोळे झाकून." म्हणून ५०० चा लावला. तो दणदणीत गेला खरा, पण बाकीचेही गेले. १३०० ते १८०० एवढाच पट्टा उरला, दोन्ही बाजूंना काळोख. नेमकं काय करू? सॉफ्टवेअरमध्ये रेंज कमी करून पाहिली, फरक शून्य.

प्रतिसाद १
काय मालक, सोलापुरात राहून एस७ ला घाबरता? आमच्याकडे एस९ असतो. नॉइज ब्लँकर लावून बघा.

प्रतिसाद २
नॉइज ब्लँकर नको. मोठ्या सिग्नलसमोर तो आणखी घाण करतो. ऑटो नॉच आणि नॉइज रिडक्शनही बंद ठेवा. ऑटो नॉचला प्रत्येक सूर म्हणजे शिट्टी वाटते, तो तुमची स्टेशनंच गिळेल.

त्या हॅमचं चुकलं नाही, फक्त सल्ला दुसऱ्या मोडचा आहे. आरटीटीवायमध्ये (रेडिओ टेलिटाइप) दोन सुरांत १७० हर्ट्‌झचं अंतर, पीएसके३१ हा डिजिटल मोड तर त्याहून कितीतरी चिंचोळा. तिथे एका वेळी एकच स्टेशन ऐकायचं, शेजारी कापायचा, तर ५०० किंवा २५० चा फिल्टर हवाच. २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ चं तसं नाही. एक सिग्नल ५० हर्ट्‌झचा, पण सॉफ्टवेअर पूर्ण पासबँड एकदम वाचतं. फिल्टर अरुंद केलात म्हणजे बाजार भरलाय आणि तुम्ही किल्लीच्या भोकातून बघताय.

आता एक तपासा. डिकोडच्या ओळी १५-१५ सेकंदांच्या खेपांनी मोजा. एका खेपेत भरपूर, पुढच्या खेपेत दोन-चार, असं आलटून पालटून होतंय का?

धागाकर्ता
अगदी तसंच! ००, ३० ला २४ ओळी. १५, ४५ ला ३. त्या वेळी वॉटरफॉलची निळी पार्श्वभूमीसुद्धा काळी पडते.

प्रतिसाद २
मग एजीसीच. तो बुवा विषम खेपेत (१५, ४५ ला) बोलतो, त्याच्यामुळे एजीसी सेटचा गेन खाली ओढतो. स्टेशनं आणि गोंगाट दोन्ही एकत्र खाली जातात, क्षीण सिग्नल साउंडकार्डाच्या स्वतःच्या खरखरीत बुडतात. सॉफ्टवेअरमध्ये रेंज कापून उपयोग नाही, कारण ते सगळं एजीसीच्या नंतर घडतं. अडवायचं तर एजीसीच्या आधी, म्हणजे आयएफ फिल्टरवर.

२.४ चाच फिल्टर ठेवा, एजीसी फास्ट, प्रीॲम्प बंद. ४० मीटरवर रात्री प्रीॲम्प लागतोच कशाला? मग आयएफ शिफ्ट हळूहळू फिरवून पासबँड ३००-४०० हर्ट्‌झ खाली सरकवा, म्हणजे २५५० वाला फिल्टरच्या उतारावर जाईल. वरची थोडी स्टेशनं जातील, जाऊ द्या. तरी नाही भागलं तर आरएफ गेन मागे घ्या. एस-मीटर वर चिकटलेला दिसेल, घाबरू नका. शेवटी साउंडकार्डाची पातळी अशी ठेवा की नुसत्या गोंगाटावर डब्ल्यूएसजेटी-एक्सचा मीटर ३० डीबीच्या आसपास राहील.

धागाकर्ता
काल रात्री बसलो. शिफ्टचं बटण घड्याळात दहा वाजतात तिथपर्यंत नेलं आणि त्याची जाड लाल पट्टी फिकट पिवळी झाली. विषम खेपेत ३ च्या जागी १७ ओळी, सममध्ये २४ च्या २१. आरएफ गेनला हात लावावा लागला नाही. साउंडकार्डाची पातळी मात्र चुकली होती; मीटर ५५ वर होता, तो ३० वर आणला.

पावणेअकराला इंडोनेशियाचं एक स्टेशन विषम खेपेत सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) देताना दिसलं. उत्तर दिलं, त्याने −१९ डीबीचा सिग्नल रिपोर्ट दिला. आधीच्या सेटिंगवर तो मला दिसलाच नसता.

त्या हॅमना अजून सांगितलेलं नाही. ५०० चा फिल्टर काढलेला नाही, आरटीटीवायला ठेवतोय. मागांच्या गोंगाटाचा धागा वेगळा काढतो.

७३ (शुभेच्छा)